जपानला यायचंय? आधी सोबती गोळा कर

तू विचारलंयस, 'दादा, खानापूरचा आहे. डिप्लोमा झालाय, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, तीन वर्षं काढलीत. एजंट म्हणतोय, भाषा तिकडं गेल्यावर आपोआप येते. खरं का? आणि तिकडं एकटं पडतो का माणूस?'

भाषा आपोआप येत नाही. हे सांगून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. मी बेळगावातल्या शहापूरचा, जपानच्या हमामात्सु शहरात नऊ वर्षं आहे. असंच ऐकून मीही पैसे भरले होते, त्यातले निम्मे बुडाले.

आधी व्हिसाचं बघ. इंजिनियरच्या व्हिसाला पदवी किंवा साधारण दहा वर्षांचा अनुभव लागतो, तुझ्याकडं दोन्ही नाही. तुझी वाट म्हणजे 'तोकुतेई गिनो', कुशल कामगारांसाठी 2019 ला सुरू झालेला व्हिसा. भारताशी त्याचा करार 2021 ला झाला. त्याला कामाची परीक्षा आणि एन फोरच्या, म्हणजे जपानी भाषा परीक्षेच्या खालून दुसऱ्या पायरीच्या तोडीचं जपानी, दोन्ही लागतं. पहिल्या प्रकारात साधारण 5 वर्षं मिळतात आणि घरच्यांना आणता येत नाही. हे आईला आत्ताच सांग, मागनं नको.

भाषेला भिऊ नकोस. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास', मी भात खातो. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. 'टोकियोला' म्हणायचं तर 'तोक्यो नि', म्हणजे प्रत्ययसुद्धा शब्दाच्या मागंच. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्याला ही रचना परकी वाटतच नाही. अक्षरांचा क्रमही बघ: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना. बौद्ध भिक्खूंबरोबर आपली वर्णमाला तिकडं गेली, तिचाच हा ठसा. ऱ्हस्व-दीर्घ मात्र जपायचं. 'ओबासान' म्हणजे मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. कांजीला, म्हणजे चिनी लिपीतनं आलेल्या अक्षरांना वेळ लागतो. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत 2136 आहेत, पण एन फोरला साधारण 300 पुरतात.

आता एकटेपणाचं. पडतो, आणि पहिल्या हिवाळ्यात फार. वर्षअखेरीला कंपनी बंद, गल्ल्या सामसूम. मला तारलं ते गावातल्या कोमिनकाननं, म्हणजे तिथल्या समाजमंदिरानं. बऱ्याच गावांत अशा ठिकाणी सुट्टीच्या दिवशी जपानीचे वर्ग चालतात, शिकवणारे स्वयंसेवक असतात, फी नावापुरती. माझ्या समोर एक निवृत्त कारखानदार आजोबा बसायचे. पालिकेचं कचऱ्याचं कॅलेंडर टेबलावर पसरायचे, एकेका शब्दाखाली पेन्सिल धरायचे आणि मी वाचेपर्यंत गप्प थांबायचे. 'मोएरु गोमी', जळणारा कचरा, हा मी आपला आपण वाचलेला पहिला शब्द. त्याच आजोबांनी डिसेंबरात 'मोची', म्हणजे भाताचे चिकट गोळे, कुटून करायला नेलं. उखळात वाफवलेला चिकट भात, एकजण मोगरी हाणतो, दुसरा ओल्या हातानं गोळा उलटतो. ताल चुकला तर हात सापडतो, म्हणून दोघंही मोठ्यानं आवाज देत राहतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा न घाबरता जपानी बोललो.

बोलताना एक ध्यानात ठेव. समोरचा 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धं सोडतो, तेव्हा ते आपल्याकडच्या 'बघू की' सारखं असतं. नकार समजायचा आणि पुन्हा रेटायचं नाही.

शाकाहारी असशील तर मिसो सूपसुद्धा विचारून घे. त्यात बहुतेक वेळा माशाचं 'दाशी', म्हणजे माशाचं उकळलेलं पाणी असतं.

इथं येऊन माणसं शोधण्याआधी बेळगावातच सुरू कर. आम्ही तिघंजण खडे बाजारात एका मित्राच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी बसायचो. तासभर मराठी बंद, चुकलं तरी जपानीच. बाजारात भाजीवालीशी आपण मोडकंतोडकं कन्नड बोलतोच की, तीच सवय इथं कामाला येते. त्या तिघांपैकी दोघं इथं आहोत आणि तिसरा अजून दर आठवड्याला फोन करतो.

जेएलपीटी, म्हणजे वर सांगितलेली जपानी भाषा परीक्षा, जुलै आणि डिसेंबरात असते. पुणे किंवा बेंगळुरू, जे सोयीचं पडेल ते केंद्र घे. महिन्याभरात हिरागाना ही जपानीची पहिली, सोपी लिपी संपव, तिची मूळ अक्षरं 46 च आहेत. उद्यमबागेत विचार, यायच्या तयारीत असलेले अजून दोघं-तिघं नक्की सापडतील. रविवारी तुमच्याकडं सकाळी दहा वाजतात तेव्हा इथं दुपारचे दीड झालेले असतात, मी मोकळा असतो. सगळे एकत्र बसा आणि फोन लावा, मी तासभर तुमच्याशी जपानीतच बोलतो.