कुडाळचा दवाखाना, घाबरणारी मुलं आणि गॅसचं मशीन

मालवणहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी बीडीएसची इंटर्नशिप करते आहे. ती संपली की कुडाळला लहान मुलांसाठी दातांचा दवाखाना काढायचा तिचा बेत आहे. नाकावर मास्क लावून ‘हसवणारा गॅस’ दिला की घाबरट मुलंही शांत बसतात, हे तिने मुंबईत एका दवाखान्यात पाहिलं आणि तसं मशीन घ्यायचं म्हणते. विक्रेता म्हणतो, दोन दिवसांचं ट्रेनिंग आम्हीच देऊ. गुरुजी विचारतात, “फंडाचे पैसे आहेत. पण गॅस देऊन कोणाच्या पोराक काय झाला तर? पैसे देऊ की नको?”

नमस्कार गुरुजी,

दवाखान्यासाठी पैसे द्या. मशीनसाठी आत्ता देऊ नका.

गॅस धोक्याचा आहे म्हणून मी असं म्हणत नाही. हा हसवणारा गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, दातांच्या कामाला नवा नाही. 1844 मध्ये अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने तो हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला होता. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून, बेताबेताने देतात. मूल झोपत नाही. बोलतं, खोकतं, ‘तोंड उघड’ म्हटलं की उघडतं. नीट वापरला तर दातांच्या खुर्चीवरच्या सुरक्षित उपायांत त्याची गणना होते. फक्त त्याने दुखणं पूर्ण जात नाही, दात काढताना बधिरतेचं इंजेक्शन लागतंच. तुमच्या लेकीला हे ठाऊक असणार, पण दवाखान्याच्या पाटीवर ‘वेदनारहित’ लिहायचा मोह फार जणांना होतो.

शिकायला लागतं ते गॅस कुणाला आणि किती द्यायचा, आणि कुणाला अजिबात द्यायचा नाही, हे. आधी निव्वळ ऑक्सिजन, मग थोडा थोडा नायट्रस वाढवत न्यायचा. बहुतेकांचं काम 30 ते 50 टक्क्यांत भागतं. बोटांना मुंग्या, सैल पडलेले खांदे, जरा सावकाश आलेलं उत्तर दिसलं की तिथेच थांबायचं. त्याच्या पुढे गेलं की मूल ओकू शकतं. शेवटी पुन्हा किमान 5 मिनिटं नुसता ऑक्सिजन, कारण रक्तातला नायट्रस भराभर फुप्फुसात परत येतो आणि तिथला ऑक्सिजन पातळ करतो. सगळा वेळ पल्स ऑक्सिमीटर बोटावर आणि डॉक्टरचं लक्ष मुलाच्या चेहऱ्यावर.

आता नकाराचं. हा गॅस नाकानेच घ्यावा लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर निम्म्या पोरांची नाकं वाहत असतात. चोंदलेल्या नाकाला गॅसचा उपयोग नाही. जे मूल मास्कच ठेवू देत नाही, त्यालाही नाही, म्हणजे सगळ्यात जास्त रडणारं मूलच बऱ्याचदा यातून बाद होतं. मशीनवाला हे सांगणार नाही. शिवाय हा गॅस शरीरातल्या बंद पोकळीत शिरून ती फुगवतो. म्हणून कानाचा संसर्ग, आतड्याचा अडथळा, डोळ्यात वायू भरून केलेली ताजी शस्त्रक्रिया हे सगळं आधी विचारावं लागतं. बी-12 ची कमतरता असेल तरीही जपून. आणि आधी झोपेचं सिरप पाजून वर गॅस, हा प्रकार तर नवख्याने करूच नये. जागं मूल नकळत गाढ गुंगीत जातं आणि श्वास सांभाळायची पाळी येते. दोन दिवसांत मशीन चालवता येईल, ही पारख येणार नाही.

मग पारख कुठे येते? सरळ वाट म्हणजे नीट-एमडीएस ही प्रवेश परीक्षा देऊन बालदंतरोगशास्त्रात तीन वर्षांचं एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची पदव्युत्तर पदवी. हे महागडं आहे आणि जागा मिळेलच असं नाही. दुसरी वाट, पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात जिथे हे काम नियमित चालतं अशा बालदंतवैद्याकडे एक-दोन वर्षं सहायक म्हणून नोकरी. पगार फार नसेल. तिने जागा निवडताना विचारावं, की खऱ्या रुग्णावर, कुणाच्या देखरेखीखाली, मला स्वतःला गॅस द्यायला मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची जागा. सोबत मुलांच्या जीवरक्षणाचं प्रशिक्षण घ्यावं. ते दवाखान्यात गॅस असो वा नसो, लागणारच आहे.

तोवर कुडाळचा दवाखाना गॅसशिवाय चालेल का? चालेल. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, एवढ्या धीरानेही बरीच घाबरलेली मुलं तोंड उघडतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बाप म्हणून विचारायला हवं होतं, ते आता लिहितो. मुलाला गॅस अर्धा तास, डॉक्टरला रोज. उच्छ्वासातला गॅस ओढून बाहेर टाकणारी व्यवस्था नसेल तर तो खोलीत साठतो. अशा खोल्यांत नियमित काम केलेल्या स्त्रियांत गर्भधारणेला उशीर आणि गर्भपात जास्त आढळले आहेत. लेकीइतकीच काळजी तिच्या मदतनीस मुलीची. पुढे कधी मशीन घ्याल तेव्हा ही व्यवस्था किमतीत धरलेली आहे का, ते पाहा. ऑक्सिजन संपला तर नायट्रस आपोआप बंद पडतो का, आणि मशीन ऑक्सिजन 30 टक्क्यांखाली जाऊ देतं का, हेही विक्रेत्याला समोर करून दाखवायला लावा.

मशीन बहुतेक विजेशिवाय चालतं, पण बाहेर ओढणारा पंप चालत नाही. पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. वीज गेली की गॅस बंद, हा नियम तिने आधीच ठरवावा. घाटात दरड आली की सिलिंडरची गाडीही अडकते, म्हणून ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर कायम राखीव हवा. नायट्रसच्या सिलिंडरवरच्या दाबाच्या काट्यावर विसंबू नये. आत द्रव असल्याने तो जवळजवळ रिकामा होईपर्यंत काटा हलत नाही, वजनच करावं लागतं.

गाळ्याचं म्हणाल तर भाड्याने घ्या, विकत नको. समोरासमोर दोन खिडक्या असलेला बघा. बाजारपेठेतला काचबंद एसी गाळा दिसायला छान, पण पुढे गॅस आणायचा झाला तर तोच बदलावा लागेल.