इंग्रजी शब्दाला प्रत्यय लावताना स्पेलिंग का बदलतं, हे मुलांना कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न असा की सहावीतली मुलगी 'रनिंग'मध्ये एकच एन लिहिते आणि 'रीडिंग'मध्ये मात्र दोन डी. नियम तोंडपाठ आहेत, तरी वहीत चुका होतातच. मी इंग्रजी शिकवते. माझं ठाम मत आहे की पाठांतर तूर्त थांबवा आणि नियमामागचं कारण तिच्या कानाला कळू द्या. यातले बरेचसे बदल एकाच कारणासाठी होतात: प्रत्यय लागला तरी मूळ शब्दाचा उच्चार बिघडू नये.

'होप' आणि 'हॉप' ही जोडी घ्या. आशा करणं म्हणजे होप, एच-ओ-पी-ई. एका पायावर उडी मारणं म्हणजे हॉप, एच-ओ-पी. होपमधला शेवटचा ई स्वतः उच्चारला जात नाही, पण आधीच्या ओला लांब ठेवतो. पुढे आय-एन-जी आलं की ते काम आय करतो, म्हणून ई गळतो. आता हॉपला नुसतंच आय-एन-जी जोडलं, तर तेही 'होपिंग' असंच वाचलं जाईल. ते टाळायला पी दोनदा येतो. रनमधला यू आखूड आहे, म्हणून दोन एन. रीडमध्ये ई आणि ए असे दोन स्वर शेजारी आहेत, आखूड स्वर जपायचा प्रश्नच नाही, म्हणून एकच डी. जंपच्या शेवटी एम आणि पी अशी दोन व्यंजनं आहेतच, तिथे आणखी एकाची गरज नाही.

एवढं समजलं की लिहायला लावण्याआधी वाचायला द्या. टेपिंग आणि टॅपिंग, प्लेनिंग आणि प्लॅनिंग, स्टेअरिंग आणि स्टारिंग अशा जोड्या इंग्रजीत लिहा, शेवटचं आय-एन-जी बोटाने झाका आणि मूळ शब्द कोणता ते विचारा. श्रुतलेखनापेक्षा मला हा सराव जास्त उपयोगी वाटतो, कारण इथे अंदाजाने काम भागत नाही, मूळ शब्द शोधावाच लागतो.

ही सगळी गडबड प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तेव्हाची. फुल, नेस, मेंट, लेस यांच्यापुढे होपमधला ई सहसा जागेवरच राहतो: होपफुल, होपलेस. आणि उच्चार जपण्याचं तत्त्व किती दूर जातं ते बघा. 'नोटिसेबल'मध्ये एबल स्वराने सुरू होतो, तरी ई टिकतो, कारण तो काढला तर सीचा उच्चार 'क' होईल. 'पॅनिक'ला ई-डी लावताना उलट मध्ये के घालतात, नाहीतर सीचा 'स' होईल. मुलांना हे दोन शब्द फार आवडतात, आवर्जून दाखवा.

वायचं प्रकरण सोपं आहे. वायच्या आधी व्यंजन असेल तर त्याचा आय होतो (कॅरीचं कॅरीड), स्वर असेल तर वाय तसाच राहतो (प्लेचं प्लेड). आय-एन-जीपुढे मात्र कॅरीइंगमध्येही वाय राहतो, दोन आय शेजारी येऊ नयेत म्हणून.

खरी अडचण लांब शब्दांत येते. 'बिगिनिंग'मध्ये दोन एन, 'ओपनिंग'मध्ये एकच, कारण बिगिनमध्ये उच्चाराचा जोर शेवटच्या भागावर आहे आणि ओपनमध्ये पहिल्या. मराठी बोलताना आपण या जोराकडे लक्ष देत नाही, त्यामुळे तो ऐकायला वेगळं शिकवावं लागतं. 'रेफर्ड'मध्ये दोन आर आणि 'रेफरन्स'मध्ये एक, कारण जोर शेवटच्या भागावरून पहिल्या भागावर सरकला. 'ट्रॅव्हलिंग' इथे फसवतं: जोर पहिल्या भागावर असूनही ब्रिटिश पद्धतीत दोन एल. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी 1828च्या शब्दकोशात एकच एल धरला आणि तिथे तेच रूढ आहे. शाळेच्या पुस्तकात जे असेल तेच तिला वापरू द्या.

'ट्रूली', 'आर्ग्युमेंट', 'नाइन्थ' यांत ई जातो, नियमाने तो राहायला हवा होता. त्यांना कारण चिकटवू नका, हे अपवाद आहेत असं सरळ सांगा आणि वहीचं एक पान त्यांच्यासाठी ठेवा. आणि दुहेरी अक्षर पक्कं होईपर्यंत वायला हात लावू नका, दोन्ही एकदम सुरू केलं की मुलं गोंधळतात.