दुसरी-तिसरीतल्या मुलाला भाजी-किराणा आणताना हिशेब कसा शिकवावा?

पूर्ण यादी देऊ नका, एकच जिन्नस त्याच्याकडे सोपवा. भेंडी ६० रुपये किलो असेल तर आधी अर्ध्या किलोचे किती ते विचारा, मग त्याच्या निम्मे पाव किलोचे: ३०, मग १५. तराजूत २५० ग्रॅमचं वजन पडताना त्याला बघू द्या. २० ची नोट त्याच्याच हातात द्या, सुट्टे ५ त्यालाच मोजून घेऊ द्या. यूपीआयने पैसे दिले की हा भाग बुडतो. संध्याकाळच्या गर्दीत नेऊ नका, मागे लोक खोळंबले की आपणच उत्तर सांगून टाकतो. चौथीनंतर वाण्याकडे दोन पुडे समोर ठेवा: २०० ग्रॅम ५० ला, ५०० ग्रॅम ११० ला. १०० ग्रॅम कितीला पडले? मग एमआरपीजवळ छापलेल्या प्रति ग्रॅम दराशी ताळा करायला लावा.