खराब फाइल दिसली की स्क्रिप्टच बंद पडते

प्रश्न : ताई, मानेवाड्यात आमचं छोटं ऑफिस आहे. मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली, यूपीएसही बसला. तेव्हापासून गिटच्या (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) काही ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे गिट ज्यांत मजकूर साठवतं त्या, शून्य बाइटच्या दिसतात. रात्री सगळ्या फाइली तपासायला मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, पण ती पहिल्याच खराब फाइलवर एरर देऊन बंद पडते. सगळीकडे ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडायची पायथनमधली सोय) लावून पास, म्हणजे ‘काही करू नको’, लिहू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पास लिहू नका हो. चूक नोंदवा आणि पुढची फाइल घ्या. धरमपेठेत नोकरीला असताना मीही अशीच स्क्रिप्ट लिहिली होती. एका फाइलवर थांबली की ती फाइल बॅकअपमधून आणायची, पुन्हा चालवायची, की दुसरी निघायची. पहाटेपर्यंत ११ फेऱ्या झाल्या. ती ११ नावं पहिल्याच फेरीत कळली असती, तर मी सरळ सहकाऱ्याच्या मशिनवरून क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, घेतला असता. खराब फाइल शोधायलाच लिहिलेल्या साधनाने ती दिसताच मान टाकली, तर बाकीच्या कोण तपासणार? गिटसारखंच साधन असलेल्या सबव्हर्जनच्या व्हेरिफाय कमांडला म्हणूनच कीप-गोइंग (चूक सापडली तरी पुढे चला) हा पर्याय दिलेला आहे.

मात्र सगळ्या चुका एका एक्सेप्टमध्ये कोंबू नका. सुटी ऑब्जेक्ट फाइल झेडलिब या लायब्ररीने दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते. ती उलगडून काढलेला एसएचए-१ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तिच्या ४० अक्षरी नावाशी जुळावा लागतो. त्यातली पहिली २ अक्षरं म्हणजे फोल्डरचं नाव. फाइल उघडलीच नाही तर परवानगी आणि डिस्क बघा, आतला मजकूर धडधाकट असू शकतो. उलगडली नाही किंवा हॅश चुकला, तर ती फाइल गेली. या तिन्हींची नोंद वेगळी हवी, पूर्ण पाथसकट. तुमच्या कोडमधली चूक मात्र पकडू नका, तिथे स्क्रिप्ट पडलेलीच बरी. आणि एक जरी नोंद झाली, तरी एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य नको. नाहीतर सकाळी सगळं ठीक दिसेल.

शून्य बाइटचं कारण बहुधा असं : फाइलचं नाव डिस्कवर पोचलं, मजकूर मेमरीतच राहिला आणि लाईट गेली. गिट २.३६ पासून कोअर-डॉट-एफसिंक हे, मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं, सेटिंग आहे, ते ‘कमिटेड’ करा. कमिटला (बदल गिटमध्ये नोंदवायला) किंचित जास्त वेळ लागेल, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढं सोसा.

दुरुस्तीला हात लावण्याआधी अख्खं डॉट-गिट फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.