फ्रेमवर्क बदलण्याआधी क्वेरी मोज

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये ऑर्डर नोंदवण्याचा प्रोजेक्ट केला आहे. एका पानावर शंभर ऑर्डर, प्रत्येकीत ग्राहकाचं नाव आणि घेतलेल्या वस्तू दिसतात. पान उघडायला फार वेळ लागतो. मित्र म्हणतात, जँगोच स्लो आहे, दुसरं फ्रेमवर्क शीक. मला बॅकएंडमध्येच नोकरी करायची आहे. काय करू?

उत्तर : या कारणासाठी तरी फ्रेमवर्क बदलू नकोस. हीच अडचण रेल्स, लाराव्हेल अशा दुसऱ्या फ्रेमवर्कमध्येही येईल. त्यापेक्षा आजच जँगोचा डीबग टूलबार बसव आणि त्या पानासाठी किती एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला किती विचारणा होतात, तो आकडा बघ. तू वर्णन केलेल्या पानावर तो बहुधा दोनशेच्या वर निघेल. ऑर्डर आणायला एक क्वेरी, मग लूप फिरताना दर ऑर्डरमागे ग्राहकासाठी एक, वस्तूंसाठी एक. म्हणजे 201. टूलबार अशा क्वेरींना ‘सिमिलर’ म्हणून दाखवतो. प्रत्येक क्वेरी छोटी असते, पण डेटाबेसकडे जाऊन येण्याचा वेळ दर वेळी मोजावा लागतो.

ग्राहक हा फॉरेन की आहे, म्हणजे प्रत्येक ऑर्डर एकाच ग्राहकाकडे बोट दाखवते. त्यामुळे ‘सिलेक्ट रिलेटेड’ लावलंस की जॉइन होऊन, म्हणजे दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडली जाऊन, तो ऑर्डरसोबतच येतो. वस्तू एका ऑर्डरमागे अनेक, तिथे ‘प्रीफेच रिलेटेड’ लाव. तो सगळ्या ऑर्डरच्या वस्तू एकाच वेगळ्या क्वेरीत आणतो आणि जुळवाजुळव पायथनमध्ये करतो. 201 च्या दोन झाल्या. लॉगिन आणि सेशनच्या एकदोन वरून दिसतील, त्यांच्या मागे लागू नकोस.

आता खरी गंमत. प्रीफेच करूनही लूपमध्ये त्या वस्तूंवर ‘फिल्टर’ लावलास, तर जँगो आणलेला डेटा बाजूला ठेवून पुन्हा डेटाबेसकडे जातो आणि शंभर क्वेरी परत येतात. गाळणी हवीच असेल तर ती ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टमधल्या क्वेरीसेटमध्ये दे. ‘ओन्ली’ लावून मोजकेच कॉलम आणलेस आणि टेम्प्लेटमध्ये चुकून न आणलेला कॉलम वापरलास, तरी दर ओळीला एक क्वेरी वाढते. या जागा फक्त डॉक्युमेंटेशन वाचून अंगवळणी पडत नाहीत, स्वतःच्या कोडमध्ये आकडा वाढताना बघावा लागतो.

कॅश लाव, म्हणजे एकदा आणलेला डेटा साठवून तोच पुन्हा वापर, असंही कुणीतरी सांगेल. आत्ता नको. कॅश रिकामी असताना त्या 201 क्वेरी होणारच आणि जुना डेटा कधी काढून टाकायचा हे नवं काम गळ्यात पडेल.

नोकरीच्या दृष्टीनं मला हे फार मोलाचं वाटतं. चार फ्रेमवर्कची नावं रेझ्युमेत बरेच जण लिहितात. ‘ऑर्डर यादीच्या पानावरच्या क्वेरी 201 वरून 2 वर आणल्या’ असं लिहिणारा फ्रेशर क्वचित दिसतो आणि मुलाखतीत पुढचे प्रश्न त्यावरच येतात : कसं शोधलं, जॉइन कुठे आणि प्रीफेच कुठे, का? सुधारणेआधीचा आणि नंतरचा टूलबारचा स्क्रीनशॉट प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये ठेव. शिवाय क्वेरींची संख्या तपासणारं ‘असर्ट नम क्वेरीज’ वापरून एक टेस्ट लिही, म्हणजे पुढे कुणी टेम्प्लेट बदलून क्वेरी वाढवल्या तर टेस्ट तिथेच फेल होईल. एवढं झालं की एसक्यूएलमधलं इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सोय) आणि ‘एक्स्प्लेन’ (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) शिकायला घे.