गावात आईबाबा एकटे असतात, लकवा आला तर मोबाईलचा काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की आईबाबा काटोलकडे खेड्यात राहतात, बाबांना बीपी आहे, तुम्ही नागपुरात, तर लकव्यासाठी एखादं चांगलं ॲप आहे का. ॲपचं राहू द्या, आधी साधा फोन कसा वापरायचा ते घरी शिकवा. आमच्या मोठेबाबांचं जे झालं त्यावरून सांगतोय.

ते भिवापूरकडे राहतात. सकाळी चहाची बशी हातातून सुटली, चहा ओठाच्या एका कोपऱ्यातून गळायला लागला, जीभ जड. घरचे म्हणाले वारं लागलं, लसणाचं तेल चोळलं, मग कोणी सांगितलं अमक्या गावात लकव्याचा पाला देतात, त्यात वेळ गेला. घरात तीन मोबाईल होते पण १०८ कोणी लावला नाही, मला फोन आला तो नऊ वाजता. मग जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं सीटी स्कॅनच नाही हे पोचल्यावर कळलं. नागपूरला यायला साडेअकरा झाले.

इथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, शेवटचे नीट कधी होते? मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागते, आणि हा वेळ माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथून मोजतात. कोणी सात म्हणे कोणी आठ. शेवटी चुलतभावाच्या कॉल लिस्टमध्ये सापडलं, ६.१२ ला ते त्याच्याशी मोटारपंपाबद्दल चांगले बोलले होते. म्हणजे पाऊण तास उशीर झाला होता. उजवा हात अजून वर जात नाही.

म्हणून सांगतो, तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं की आधी १०८, मग तुम्हाला. तुम्ही नागपुरात बसून दवाखान्यांना फोन लावायचे, सीटी आत्ता चालू आहे का, टेक्निशियन आहे का, इंजेक्शन आहे का, आणि गाडी सरळ तिथंच वळवायची. बाबांच्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो आजच काढून ठेवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. आणि ॲस्पिरिन घरी बिलकुल देऊ नका, गुठळी आहे की मेंदूत रक्तस्राव हे सीटीशिवाय कोणालाच कळत नाही, ॲपला तर नाहीच. खायला-प्यायलाही काही नको, ठसका लागतो. साडेचार तास उलटून गेले तरी घरी थांबू नका, काही पेशंटची गुठळी २४ तासांपर्यंत रक्तवाहिनीत तार घालून काढता येते.

हिमाचलमध्ये २०१४ पासून जिल्ह्याचे डॉक्टर मोबाईलवर न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरला, विचारून तिथल्या तिथंच इंजेक्शन देतात. आपल्याकडे असं गावोगावी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटते, कारण गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेने पाहणी केली तेव्हा दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला आणि बहुतेक लोक घरीच गेले.

आता मोठेबाबांचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर होते, मोठीआई फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते. रात्री आठला बीपीच्या गोळीचा अलार्म वाजते, गोळी सुटली तर परत झटका येऊ शकते.

तुमच्या घरी नेटवर्क कुठल्या कोपऱ्यात मिळते ते पण बघून ठेवा, आणि १०८ खडूने तिथंच भिंतीवर मोठ्ठा लिहा.