टेस्ट ठेवायची कुठे, सांभाळायची कुणी?

प्रश्न : ताई, मी शिरपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तापमानाच्या सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर (सेन्सरला लिनक्सशी जोडणारा कोड) लिहिलाय. सर म्हणतात, आता तो तपासणारी टेस्टही लिही. पण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, टेस्टसाठी केयुनिट वेगळं आणि केसेल्फटेस्ट वेगळं दिसतंय. माझी टेस्ट कुठल्या फोल्डरमध्ये टाकू? शिवाय सेन्सर लावलेला बोर्ड कॉलेजच्या लॅबमध्ये असतो, घरी फक्त जुना लॅपटॉप आहे.
— विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : फोल्डरचं नंतर बघू. आधी तपासायचं काय आहे ते ठरव, म्हणजे फोल्डर आपोआप ठरेल.

तू पाठवलेला कोड मी सावकाश वाचला. तुझा सेन्सर 12 बिटांचा आहे आणि त्याची एक पायरी म्हणजे अंशाचा सोळावा भाग. सेन्सरने 264 दिले तर तापमान साडेसोळा अंश. लिनक्समध्ये हे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात सांगायची पद्धत आहे, म्हणजे उत्तर 16500 यायला हवं. कर्नलच्या कोडमध्ये दशांश चिन्हाची गणितं टाळतात, सगळं पूर्णांकात चालतं. तू 264 ला आधी 16 ने भागतेस आणि मग 1000 ने गुणतेस. भागाकार 16 येतो, बाकी उरलेले 8 तिथेच सांडतात आणि उत्तर येतं 16000. अर्धा अंश गेला! आधी गुण, मग भाग, म्हणजे 16500 मिळतील.

ही चूक पकडायला सेन्सर लागतो का? नाही. बोर्ड लागतो का? तोही नाही. एक फंक्शन, त्याला दिलेला आकडा आणि त्यातून आलेला आकडा, एवढंच. अशा कामासाठी केयुनिट आहे. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या 5.5 आवृत्तीपासून ते लिनक्समध्ये आहे. टेस्ट कर्नलच्या आतच बांधली (कंपाइल केली) जाते आणि तुझ्या फंक्शनला थेट हाक मारते. केयुनिटची पायथॉन स्क्रिप्ट चालवलीस की ती आपणहून ‘यूजर मोड लिनक्स’ वापरते. त्यात अख्खा कर्नल तुझ्या लॅपटॉपवर एखाद्या साध्या प्रोग्रामसारखा चालतो. म्हणजे घरी बसून, जुन्या लॅपटॉपवर तुझं काम होतं.

264 शिवाय आणखी तीन आकडे टेस्टमध्ये घाल : 0, 400 आणि 4088. 400 म्हणजे 25 अंश, तो सोपा. 4088 हा खरा परीक्षक. 12 बिटांत उणे अर्धा अंश असा लिहिला जातो. चिन्हाचा, म्हणजे उणे-अधिक सांगणारा, बिट सांभाळला नाहीस तर तुझा ड्रायव्हर थंडगार खोलीत 255.5 अंश दाखवेल. प्रत्येक आकड्यासाठी नवीन फंक्शन लिहू नकोस. आकडे आणि अपेक्षित उत्तरं यांचा एक तक्ता कर आणि एकच टेस्ट त्या तक्त्यावरून फिरव. उद्या कुणाला पाचवा आकडा घालावासा वाटला तर त्याला एकच ओळ वाढवावी लागेल.

आता फोल्डर. ड्रायव्हरच्याच फोल्डरमध्ये ‘टेस्ट्स’ नावाचा आतला फोल्डर कर आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘_केयुनिट’ लाव. केकॉन्फिगमधल्या, म्हणजे कर्नलमध्ये काय काय बांधायचं ते ठरवणाऱ्या यादीतल्या, पर्यायाचं नाव ‘केयुनिट_टेस्ट’ने संपू दे. तिथे ‘डिफॉल्ट’समोर ‘केयुनिट_ऑल_टेस्ट्स’ लिही, म्हणजे सगळ्या टेस्ट एकदम चालवणाऱ्याला तुझीही सापडेल. ‘.केयुनिटकॉन्फिग’ ही छोटी फाइलही शेजारी ठेव. कुठले पर्याय चालू हवेत हे त्यात लिहिलेलं असलं की कुणीही अनोळखी माणूस एका कमांडमध्ये तुझी टेस्ट चालवू शकतो. तुझं फंक्शन ‘स्टॅटिक’ आहे, म्हणजे त्याच्या फाइलबाहेर दिसत नाही. टेस्टला दिसावं म्हणून ते सरळ उघडं करू नकोस, त्यासाठी ‘व्हिजिबल_इफ_केयुनिट’ हा मॅक्रो आहे. केयुनिट बंद असेल तेव्हा फंक्शन झाकलेलंच राहतं.

केसेल्फटेस्ट तुला पुढच्या पायरीला लागेल. वापरणाऱ्याचा प्रोग्राम ‘सिस’मधली (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तो फोल्डर) फाइल उघडतो तेव्हा त्याला काय वाचायला मिळतं, हे बाहेरून बघायचं असेल तेव्हा. त्या टेस्ट ‘टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स’मध्ये राहतात आणि त्यांना खरा बोर्ड लागेल. ते लॅबमध्ये कर.

प्रश्न : मॅडम, जळगावच्या एका लहान कंपनीत मी काम करतो. आम्ही स्वतःच्या यंत्रासाठी कर्नल सांभाळतो. जुन्या लोकांनी लिहिलेल्या दोनशेच्या वर टेस्ट आहेत. काही कधी पास होतात, कधी फेल. काही कोणी लिहिल्या, का लिहिल्या, माहीत नाही. साहेब म्हणतात, पास होतायत ना, मग हात लावू नका. तुमचं मत काय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : तुमच्या साहेबांना माझा एक अनुभव सांगा. वरच्या मुलीच्या कोडमध्ये अर्धा अंश मला लगेच दिसला, कारण तोच मी एकदा गमावलेला आहे.

आधीच्या नोकरीत आमचं यंत्र केळी पिकवायच्या खोल्यांमध्ये बसायचं. तापमानाच्या ड्रायव्हरसाठी एक शेल स्क्रिप्ट होती. सेन्सरची फाइल सापडली तर आकडा तपासायची, नाही सापडली तर मुकाट्याने 0 देऊन बाहेर पडायची. 0 म्हणजे पास. पुढे कर्नल बदलताना एका केकॉन्फिग पर्यायाचं नाव बदललं आणि टेस्टच्या मशीनवर तो ड्रायव्हर बांधलाच जाईना. फाइल नाही, तरी टेस्ट पास. चौदा महिने रोज सकाळी अहवाल यायचा, बठ्ठं बरोबर शे! मधल्या काळात कोणीतरी कोड ‘स्वच्छ’ करताना गुणाकार-भागाकाराचा क्रम उलटा केला. ते कळलं कुणाला? रावेरच्या एका व्यापाऱ्याला. त्याच्या भिंतीवरचा साधा थर्मामीटर साडेसोळा दाखवत होता आणि आमचं यंत्र सोळा. त्याने फोन केला तेव्हा मी आधी अहवाल उघडला आणि त्याला म्हटलं, दादा, आमच्याकडे सगळं पास आहे. त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम हे करा. प्रत्येक टेस्ट 0 देऊन कुठे कुठे बाहेर पडते ते शोधा. केसेल्फटेस्टमध्ये 0 म्हणजे पास, 1 म्हणजे फेल आणि 4 म्हणजे स्किप. साधन नसेल, पर्याय बंद असेल, तर 4 द्यायचा. नव्या टेस्ट जुन्या स्टेबल कर्नलवरही चालवतात, तिथे नसलेल्या सोयीची टेस्ट फेल न होता स्किप झाली पाहिजे, त्यासाठीच हा आकडा आहे. आणि अहवालात स्किपची संख्या पासच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात छापा. काल 6 होते आणि आज 31 झाले, तर त्या दिवशी दुसरं काम नको. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ नावाची फाइल ठेवून लागणारे पर्याय त्यात लिहा. आमच्याकडे ती असती आणि कुणी बांधणीशी ताडून पाहिली असती, तर बदललेलं नाव पहिल्याच दिवशी डोळ्यांवर आलं असतं.

कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट बहुतेक वेळेवर अवलंबून असतात. ‘दोन सेकंद थांब आणि मग बघ’ असं लिहिलेलं असतं, आणि मशीनवर ताण आला की दोन सेकंद पुरत नाहीत. ते दोनाचे दहा करू नका. ज्या गोष्टीची वाट बघताय ती झाली का हे पुन्हा पुन्हा विचारा आणि वरची मर्यादा वेगळी ठेवा. केसेल्फटेस्ट एका टेस्टला एरवी 45 सेकंद देते. खरंच जास्त लागत असतील तर त्या फोल्डरच्या ‘सेटिंग्ज’ फाइलमध्ये लिहा आणि का लागतात तेही कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लिहा.

राहिल्या बेवारस टेस्ट. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथल्या फडाला, म्हणजे एका पाण्यावरच्या शेतांच्या गटाला, कित्येक पिढ्या बंधाऱ्याचं पाणी मिळतंय. पाणी सोडायला पाटकरी असतो, आणि कुठल्या फडाला पाणी पोचलं नाही तर कुणाला हाक मारायची हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. तुमच्या टेस्टना पाटकरी द्या. लिनक्समध्ये त्यासाठी ‘मेंटेनर्स’ फाइल आहे. टेस्टच्या फोल्डरचा मार्ग ड्रायव्हरच्याच नोंदीत घालायचा, म्हणजे पॅच (कोडमधला बदल) कुणाला पाठवायचा हे लिनक्सची स्क्रिप्टच सांगते. ज्याचा ड्रायव्हर त्याचीच टेस्ट. वेगळी ‘टेस्टवाली टीम’ नेमून त्यांच्या गळ्यात दोनशे टेस्ट घालू नका, दोन वर्षांनी पुन्हा हेच पत्र लिहाल.

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. दोन आवृत्त्या उलटूनही ज्या टेस्टला कुणी आपली म्हणत नाही आणि ती काय तपासते हे कुणी सांगू शकत नाही, ती काढून टाका. साहेब घाबरतील. त्यांना सांगा, कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये ती राहणारच आहे, हवी तेव्हा परत आणू.

प्रश्न : आमच्या टेस्ट सगळीकडे पसरल्यात. एका फोल्डरमध्ये हलवल्या तर जुना इतिहास जाईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नीट हलवल्या तर नाही जात. 2025 मध्ये खुद्द लिनक्सच्या ‘लिब’ फोल्डरमधल्या केयुनिट टेस्ट ‘लिब/टेस्ट्स’मध्ये हलवल्या गेल्या. एका पॅचमध्ये फक्त हलवा, त्यात आतली एक ओळही सुधारू नका. सुधारणा पुढच्या पॅचमध्ये. नाव बदललेली फाइल गिट साम्यावरून ओळखतो आणि एरवी निम्मं साम्य तरी बघतो. हलवता हलवता अर्ध्याहून जास्त मजकूर बदललात तर त्याला एक फाइल मेली आणि दुसरी जन्मली असं वाटतं. मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल), केकॉन्फिग आणि ‘मेंटेनर्स’मधले मार्ग मात्र हलवण्याच्या पॅचमध्येच बदला, नाहीतर मधल्याच कमिटवर बांधणी मोडेल आणि बायसेक्ट करणारा, म्हणजे चूक कुठल्या कमिटने आली ते एकेक कमिट तपासून शोधणारा, तिथे अडकेल. झाल्यावर ‘गिट लॉग’ला ‘फॉलो’ लावून एखाद्या जुन्या टेस्टची पहिली कमिट दिसते का ते बघा, आणि मगच पुढे पाठवा.